व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटाच्या सभेला पहिल्यांदा जायचे आहे, अनुभवी लोकांचे मार्गदर्शन हवे

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४१ असून गेली सुमारे १४ वर्षे मी मद्यपान करत आहे. सुरुवातीला ते शनिवारपुरते होते, पुढे कामावरून परतल्यावर रोजचे झाले, आणि गेल्या दोन वर्षांत रात्री किती घेतली याचा हिशेब सकाळी लागेनासा झाला आहे. स्वतःच्या बळावर मी तीनदा दारू बंद केली आणि जास्तीत जास्त टिकलो ते ४७ दिवस. तिन्ही वेळा पुन्हा सुरुवात झाली ती मोठ्या दुःखामुळे नव्हे, तर एखाद्या साध्या, रिकाम्या संध्याकाळी, आता आपल्याला जमले आहे तेव्हा एक घ्यायला हरकत नाही, असे वाटल्यामुळे.

हे एकट्याने होणार नाही, हे मला पटले आहे. गेल्या आठवड्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या एका सभेच्या दारापर्यंत मी गेलो, बाहेर दहा मिनिटे उभा राहिलो आणि परत फिरलो. आत गेल्यावर काय होते, हे ठाऊक नसल्यामुळे पाऊल उचलले गेले नाही. नाव-पत्ता लिहून घेतात का? सर्वांसमोर उभे राहून बोलावेच लागते का? ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे? माझी देवावर श्रद्धा नाही, तरीही मला तिथे जागा असेल का? आणि एकाच भागात वेगवेगळे गट असतील, तर आपल्याला योग्य कोणता हे कसे ओळखायचे? आणखी एक गोष्ट मनात सलते, तीही लिहितो. दारू सोडून अनेक वर्षे झालेल्या माणसांच्या वेळेवर आपण ओझे होऊन बसू, असे मला सतत वाटते.

ओलीमाती

आपण दारापर्यंत गेलात, ही गोष्ट लहान नाही. मी स्वतः पहिल्या सभेच्या वेळी समोरच्या रस्त्याने तीन चकरा मारल्या होत्या. यंदा मला दारूशिवाय अकरा वर्षे झाली आहेत आणि आजही आठवड्यातून दोन सभांना जातो.

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या शंकांची उत्तरे तिच्यातच आहेत. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस कामानिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार फसला आणि तो हॉटेलच्या दालनात एकटाच उभा राहिला, तेव्हा एका बाजूला मद्यगृह होते आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा मद्यासक्त शोधायला सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. त्यांना फार तर पंधरा मिनिटे द्यायची होती, पण दोघे कित्येक तास बोलत बसले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिन मानला जातो. यातले मर्म असे की बिल त्या दिवशी उपकार करायला गेला नव्हता, तर स्वतःची दारू टाळण्यासाठी गेला होता. सभेत आलेला नवा माणूस आम्हाला आमचा पहिला दिवस पुन्हा दाखवतो आणि त्या आठवणीवर आमचा आजचा दिवस निभावतो. त्यामुळे ओझ्याचा विचार आपण मनातून काढून टाकावा, ही कळकळीची विनंती.

आता आत काय होते ते सांगतो. सभा साधारणपणे एक ते दीड तास चालते. सभासदत्वाचा अर्ज, शुल्क किंवा हजेरीपट नसतो. सभासदत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू थांबवण्याची इच्छा. सांगायचे झाल्यास फक्त पहिले नाव सांगायचे, आणि तेही सांगायचे नसेल तर कोणी आग्रह धरत नाही. सूत्रसंचालन करणारा सभासद एक छोटे निवेदन वाचतो, मग एखादा सभासद आपला अनुभव सांगतो किंवा दारूमुक्त राहण्यासाठी संघटनेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीवर सगळे आळीपाळीने बोलतात. एक जण बोलत असताना मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही आणि सल्लाही देत नाही. बहुतेक ठिकाणी हा शिरस्ता कसोशीने पाळला जातो, आणि आयुष्यभर सल्ले ऐकून घेतलेल्या आमच्यासारख्यांना त्याचे मोल मोठे वाटते. आपली पाळी आली की "आज मी फक्त ऐकणार आहे" एवढे म्हटले तरी पुरते. मी पहिल्या सहा सभांमध्ये याशिवाय एक शब्दही बोललो नव्हतो. खर्चासाठी एक थैली फिरते, कारण गट बाहेरून देणगी घेत नाहीत. मात्र नव्या माणसाने काही टाकावे अशी अपेक्षा नसते.

सभा खुली आहे की बंद, हे आधी पाहून घ्यावे. खुल्या सभेला कुटुंबीय, विद्यार्थी, कोणीही येऊन बसू शकते. बंद सभा ज्यांना दारू थांबवायची आहे केवळ त्यांच्यासाठी असते. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती असेल तर बंद सभा निवडणे बरे, कारण तिथे भेटणारा ओळखीचा माणूस आपण ज्या कारणासाठी गेलो त्याच कारणासाठी आलेला असतो. माझ्या बाबतीत हे खरोखर घडले. कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी केवळ नमस्कारापुरता संबंध होता असे एक गृहस्थ समोरच्या रांगेत बसलेले दिसले आणि माझे पाय गारठले. सभेनंतर त्यांनी शांतपणे हात हातात घेतला. कामाच्या ठिकाणी मात्र आम्ही आजतागायत या विषयाचा उच्चार केलेला नाही.

शोधण्याबद्दल सांगायचे तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या संकेतस्थळावर देशवार कार्यालयांची यादी असते, आणि मीटिंग गाइड नावाचे त्यांचे मोफत ॲप अनेक देशांतल्या सभा अंतरानुसार दाखवते. परंतु यादीवर विसंबून निघू नये. सभांच्या जागा आणि वेळा बदलतात, पण यादीत तो बदल उशिरा होतो. आधी मदतवाहिनीवर फोन करावा. तो उचलणारा बहुधा स्वतःच दारू सोडलेला स्वयंसेवक असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना शब्द जुळवावे लागत नाहीत. सभा खुली की बंद, कोणत्या भाषेत चालते, नवागतांसाठी वेगळी सभा आहे का आणि इमारतीत नेमक्या कोणत्या दाराने जायचे, एवढे विचारून घ्यावे. दाराचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण बंद दारासमोर गोंधळून परत गेलेले किती तरी लोक मला ठाऊक आहेत. शक्य असल्यास त्याच फोनवर, "दाराशी मला कोणी भेटेल का?" असेही विचारावे. बहुतेक वेळा कोणीतरी भेटते.

साधा_वैद्य

मी डॉक्टर आहे आणि व्यसनाधीन रुग्णांवर उपचार करण्याचे काम काही वर्षांपासून करत आहे. ओलीमाती यांच्या लेखनात भर घालण्यासारखे फारसे नाही, परंतु आपण रोज आणि भरपूर घेता असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो.

सभेला जाण्याच्या उत्साहात दारू एकाएकी बंद करू नका; आधी डॉक्टरांना भेटा. शरीराला रोजच्या दारूची सवय झाली असेल तर शेवटच्या पेयानंतर सुमारे ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड आणि अस्वस्थता सुरू होऊ शकते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतात, भान हरपते, ताप चढतो. या अवस्थेवर वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती जीवघेणी ठरू शकते. पूर्वी दारू थांबवताना असा त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी तो अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. हे सर्व औषधांनी आटोक्यात ठेवता येते. त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, दिले जाते, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थरथर फार वाढली, झटका आला किंवा नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू येऊ लागल्या, तर सभेची किंवा सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट औषधांविषयी. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे तलफ कमी करण्यासाठी किंवा दारूपासून दूर राहणे टिकावे म्हणून दिली जातात, तर डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास त्याला तीव्र त्रास होतो. ही औषधे आणि सभा एकमेकांच्या आड येत नाहीत. तरीही एखाद्या सभेत कोणीतरी उत्साहाने सांगतो, की गोळी घेणारा खऱ्या अर्थाने दारूमुक्त नाही. ते मत संघटनेचे नसून त्या व्यक्तीचे असते. सभासदांनी डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्याच पुस्तिकेत स्पष्टपणे म्हटले आहे. अशा सांगण्यावरून नैराश्याचे औषध बंद करून पुन्हा आजारी पडलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी हात थरथरतात, हे मी मूळ प्रश्नात लिहायचे टाळले होते. मागच्या वेळी बंद केली तेव्हा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि घामाने अंथरूण भिजले होते, पण तो अशक्तपणा असेल असे मी धरून चाललो होतो. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतो. श्रद्धेच्या प्रश्नावर मात्र कोणी लिहिले तर बरे होईल, कारण माझी खरी अडचण तीच आहे.

निशिगंध

त्या प्रश्नावर मी लिहिते, कारण त्याच कारणासाठी पहिल्या सभेनंतर मी वर्षभर परत फिरकले नव्हते. बारा पायऱ्यांमध्ये देवाचा आणि आपल्याहून थोर अशा शक्तीचा उल्लेख येतो, अनेक सभा प्रार्थनेने संपतात, आणि हे मान्य नसलेल्या माणसाला तिथे अवघडल्यासारखे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. "हळूहळू पटेल" असे मला सांगण्यात आले होते. मला ते पटले नाही आणि आजही पटलेले नाही. तरी मला दारूशिवाय सहा वर्षे झाली आहेत.

मूळ पायऱ्यांतच "आपल्याला समजलेला देव" अशी मोकळीक ठेवलेली आहे, आणि कित्येक सभासद गटालाच ती थोर शक्ती मानतात: जे मला एकटीला जमले नाही, ते या खोलीतल्या माणसांच्या सोबतीने जमते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय नास्तिक आणि अज्ञेयवादी सभासदांचे वेगळे गट १९७५ पासून आहेत. तिथे प्रार्थना होत नाही, बाकी रीत तीच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बाहेरही मार्ग आहेत. स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ साली सुरू झालेली संस्था विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर चालते. तिथे प्रशिक्षित संचालक असतो आणि सभासद एकमेकांशी थेट चर्चा करतात, म्हणजे मध्ये न बोलण्याचा नियम नसतो. विमेन फॉर सोब्रायटी ही संघटना जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केवळ स्त्रियांसाठी सुरू केली. तिच्या कार्यक्रमाचा पाया असलेल्या तेरा विधानांचा भर शरण जाण्यावर नसून स्वतःची किंमत ओळखण्यावर आहे. दारूमुळे आधीच स्वतःला तुच्छ मानू लागलेल्या माझ्यासारखीला हा फरक फार मोठा होता.

मी आज दोन्हीकडे जाते. सोमवारी ऑनलाइन सभा, गुरुवारी प्रत्यक्ष. ऑनलाइन सभा दिवसाच्या कोणत्याही वेळी कुठे ना कुठे चालू असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकता येते, आणि लहान मूल घरी असलेल्या किंवा दूर राहणाऱ्या माणसाला त्या वरदानासारख्या आहेत. आपल्याला दाराची भीती वाटत असेल तर पहिल्या दोन-तीन सभा तशा ऐकून पाहाव्यात, म्हणजे प्रत्यक्ष गेल्यावर तिथले बोलणे ओळखीचे वाटेल. पण मला सावरले ते प्रत्यक्ष सभेनंतरच्या दहा मिनिटांनी. खुर्च्या आवरताना एका वयस्कर बाईंनी स्वतःहून त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बाटली समोर असताना मी तो लावला. सभा संपताच निघून गेले असते तर तो क्रमांक माझ्याजवळ नसता.

इथे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी थोडे अधिक सांगते. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून आपल्याला सोबत करणारा जुना सभासद, निवडताना स्त्रीने स्त्रीला आणि पुरुषाने पुरुषाला विचारावे असा प्रघात आहे, आणि तो सकारण आहे. नव्याने आलेल्या, मनाने हळव्या झालेल्या व्यक्तीशी सलगी साधू पाहणारी माणसे क्वचित इथेही असतात. कोणी एकटीला भेटण्याचा आग्रह धरला, पैसे मागितले किंवा सतत संदेश पाठवले, तर गटातल्या जुन्या सभासदाला निःसंकोच सांगावे आणि गट बदलावा. स्पॉन्सरही बदलता येतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

वळणवाट

वरचे सगळे वाचून सभेला गेले की झाले असा समज होऊ नये, म्हणून थोडे वेगळे लिहितो. मी पहिल्या गटात चार महिने जात होतो आणि त्या चार महिन्यांत तीनदा प्यायलो. तिथे दोघे-तिघे जुने सभासद दर वेळी तेच ते बोलत, आणि मी पुन्हा प्यायलो हे सांगितल्यावर माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजर मला सहन होईना. मी जाणे सोडले आणि दोष संपूर्ण पद्धतीला दिला. पुढे दीड वर्षाने केवळ योगायोगाने दुसऱ्या गटात गेलो. तिथे पिऊन आल्याची कबुली दिली तेव्हा एका सभासदाने एवढेच विचारले, की शेवटचा फोन कोणाला केला होता. मी कोणालाच केला नव्हता. चार महिने मी श्रोता म्हणून बसलो होतो, पण एकाही माणसाला ओळखत नव्हतो.

म्हणून माझे मत असे, की एका सभेवरून काहीही ठरवू नये. निदान तीन वेगवेगळ्या गटांत मिळून सहा सभा ऐकाव्यात. काही ठिकाणी ९० दिवसांत ९० सभा असा सल्ला मिळेल. तो नियम नाही, पण पहिले तीन महिने संध्याकाळ भरलेली ठेवण्यासाठी तो अनेकांना उपयोगी पडतो. आपण लिहिलेली रिकामी संध्याकाळ लक्षात घेता आपण त्याचा विचार करावा. आणि मध्ये प्यायले गेले तरी पुढच्या सभेला जावे. पिऊन आलेल्या माणसालाही सहसा दार बंद नसते, त्याने शांत बसावे एवढीच अपेक्षा असते.

याचा उपयोग होतो का, असे मीही विचारले होते. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागींचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार, संपूर्ण दारूमुक्ती टिकवण्याच्या बाबतीत वर्तनोपचारासारख्या प्रस्थापित पद्धतींपेक्षा सरस ठरले, आणि इतर बाबतींत साधारण बरोबरीचे. यातील "जोडून देणारे" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या पहिल्या चार महिन्यांत नेमके तेच झाले नव्हते.

दीपमाळ

मी स्वतः दारू पीत नाही. माझे पती पीत असत. आपल्या घरी कोणी असेल तर त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन या नावाने १९५१ पासून वेगळे गट चालतात, आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. तिथे जाण्यासाठी पिणाऱ्याने दारू सोडलेली असण्याची अट नाही. माझे पती सभेला जाण्याच्या आठ महिने आधीपासून मी जात होते. त्यांच्या बाटल्या शोधणे आणि त्यांच्या वतीने लोकांना खोटी कारणे सांगणे मी तिथे थांबवायला शिकले.

उंबरठा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. डॉक्टरांनी मला नऊ दिवस औषधे देऊन देखरेखीखाली ठेवले, त्यामुळे या वेळी रात्री निभावल्या. त्यानंतर दोन ऑनलाइन सभा ऐकल्या आणि मग प्रत्यक्ष बंद सभेला गेलो. ओलीमाती यांनी सुचवल्याप्रमाणे मदतवाहिनीवर दाराविषयी विचारले होते. ते विचारले नसते तर या वेळीही परत फिरलो असतो, कारण पुढचे दार कुलूपबंद होते आणि मागच्या जिन्याशी एक गृहस्थ माझी वाट पाहत उभे होते.

मी काही बोललो नाही. समोरचे एक जण मात्र सात वर्षांनंतर पुन्हा प्यायल्याची हकिगत सांगत होते, आणि ती सुरू झाली एका अगदी साध्या संध्याकाळी, घरी कोणी नसताना. माझीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काय होते, ते मला नीट लिहिता येत नाही. शेवटी प्रार्थना झाली तेव्हा मी नुसता उभा राहिलो. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. नंतर थांबलो आणि तीन क्रमांक घेतले. आतापर्यंत चार सभा झाल्या आहेत, दोन वेगवेगळ्या गटांत.

एक अडचण उरली आहे. दोन्ही गटांची शनिवारी सभा नसते, आणि माझी सगळ्यात अवघड संध्याकाळ तीच आहे. निशिगंध, शनिवारी सात ते दहाच्या दरम्यान चालणाऱ्या ऑनलाइन सभा कशा शोधाव्यात?

निशिगंध

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या ऑनलाइन इंटरग्रुपच्या, म्हणजे ऑनलाइन सभांची यादी ठेवणाऱ्या मंडळाच्या, संकेतस्थळावर वार, वेळ आणि भाषा निवडता येते. आपल्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवली आहे ना, हे मात्र तपासून घ्यावे, कारण दुसऱ्या देशाची वेळ धरून मी एकदा सभा चुकवली होती. आणि शनिवारी सहा वाजता, संध्याकाळ अंगावर येण्याआधी, त्या तीन क्रमांकांपैकी एक लावावा. काही विशेष बोलायचे नसले तरी चालेल.